अठ्ठेचाळीस दिवसांचा खोटा नवस

अप्पा, तुमच्या मुलाची, माझ्या अण्णाची, साठी थाटात झाली. मंडप भरला होता, चार पंगती उठल्या, आणि तुम्ही असतात तर चारही पंगतींतून कमरेला उपरणं बांधून फिरला असतात, कोण पानात काय टाकतंय ते बघत. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आपली माणसं अजून कौतुकानं सांगतात की तुमच्या पंगतीत पानावर भाताचं शीत ठेवायची कुणाची छाती नव्हती. मला त्या कौतुकाची शिसारी येते. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस मला कधी झालं नाही, आता तुम्ही उलटून बोलू शकत नाही म्हणून सांगतेय. देवनागरीत लिहितेय, कारण ती तुम्हीच मला सुट्टीच्या दुपारी पाटी हातात देऊन शिकवलीत, आणि आता माझ्या घरात ती माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. मुलींना मराठी कळतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. तेव्हा हे कागद टेबलावर उघडे पडले तरी माझं काही बिघडत नाही.

तुम्ही न पाहिलेल्या दोन नाती आहेत तुम्हाला. थोरली बारा वर्षांची, धाकटी आठ. दोघींना गहू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की त्यांचं शरीर त्यांच्याच आतड्याचं अस्तर खरवडून काढतं. चिमूटभर गेलं तरी. थोरली पाच वर्षांची असल्यापासून पोट फुगलेलं, हातपाय काड्या, केस गळायचे, शाळेतून आली की दप्तर टाकून तशीच जमिनीवर झोपायची. इथल्या एका डॉक्टरानं दोन वर्षं तिला जंताची औषधं पाजली. मी आपलं विचारलं, गव्हाचं काही असेल का, कुठंतरी वाचलंय. तर तो खुर्चीत मागे रेलून हसला. म्हणाला, मॅडम, ते उत्तरेकडच्या पोळी खाणाऱ्यांचं दुखणं, आपण कावेरीकाठचे भात खाणारे, आपल्याला कसं होईल. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, पण त्याच्यापुढे मान डोलावून घरी आले. शेवटी चेन्नईला नेली, रक्त तपासलं, पोटात नळी घालून तुकडा काढला, तेव्हा कळलं. मग धाकटीचंही तपासा म्हणाले, तर तिचंही तेच. त्या उंटावरच्या शहाण्याचा दवाखाना अजून जोरात चालतो, बाहेर चपलांचा ढीग असतो.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, आपल्याकडे भातच असतो, खाऊ दे भात. अगदी हेच सगळे म्हणतात, आणि असं म्हणताना प्रत्येकाच्या तोंडावर असा भाव असतो की हे जगात फक्त त्यालाच सुचलं. इडली आहे, सांबार आहे, रसम आहे, दहीभात आहे, काय कमी आहे पोरींना. मीही तेच समजत होते. पोळी बंद केली, रवा बंद केला, शेवयांचं पायसम बंद केलं, तरी वर्षभर थोरलीचं पोट काही थांबेना. मग एके दिवशी स्वयंपाकघरात हिंगाचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. त्यात निम्म्याहून जास्त मैदा. ज्या पिवळ्या हिंगाशिवाय, पेरुंगायमशिवाय, या गावात फोडणी होत नाही, ते आपण रोज मुलीच्या सांबारात, रसमात, ताकात, दहीभातात घालत होतो. अप्पळमात, म्हणजे पापडात, तेच, लोणच्यात तेच. सांबार आपल्या मराठी राजांनी या मुलखाला दिलं म्हणून आपली माणसं छाती फुगवतात ना, तेच सांबार माझ्या पोरीला आतून सोलत होतं. मी त्या दिवशी डबा कचऱ्यात टाकला आणि घरात बिनमैद्याचा खडा हिंग आणला. पण घर सोडलं की उंबऱ्याबाहेर सगळीकडे तोच पिवळा डबा.

आणि घर सोडावं तर लागतं. बारसं, मुंज, लग्न, कुलाचार, काही ना काही असतंच, आणि आपल्या चार घरांत न गेलेल्या माणसाची चर्चा गेलेल्यांपेक्षा जास्त होते. मी जायची, मुलींचे डबे घेऊन. डबा उघडला की झालं. वहिनी, म्हणजे तुमची लाडकी थोरली सून, हातातलं भांडं खाली ठेवून बघत राहायच्या, जणू मी त्यांच्या अंगणात घाण करतेय. "आमच्याकडचं खायास नको होय तुझ्या लेकींना?" एकदा म्हणाल्या. मी समजावलं, चेन्नईचे कागद दाखवले, फोनवर आतड्याचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडे कधी कुणास हे झालं नाही. अन्नास नावं ठेवल्यावर अन्न बाधतंच." आणखी एक काकू, मला लहानपणी खेळवलेल्या, त्यांनी तर माझी पाठ वळल्यावर धाकटीच्या तोंडात पोळीचा तुकडा भरवला. ओरु वाय, म्हणे, एकच घास, काय होतंय. काय होतंय ते त्यांना बघावं लागलं नाही, ते आमच्या न्हाणीघरात मी रात्रभर बघितलं. पुढच्या वेळी भेटल्यावर काकूंनी विचारलं, मग, काही झालं का त्या दिवशी? आणि उत्तर न ऐकताच दुसरीकडे बोलायला लागल्या.

आता तुमच्याबद्दल. मला पापनाशमचं ते लग्न आठवतं. मी दहा वर्षांची. मला सकाळपासून मळमळत होतं आणि पानात पुरणपोळी वाढलेली. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे. मी म्हटलं, अप्पा, नको वाटतंय. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पान टाकून उठणारी मुलगी माझी नव्हे." सगळी पंगत वाट बघतेय, कारण एकजण बसलेला असेपर्यंत बाकीच्यांनी उठायचं नाही, आणि मी एकेक घास पाण्याबरोबर ढकलतेय. शेवटचा घास गेल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात मला किती आवडला होता, याचा आता राग येतो.

त्याच लग्नातलं दुसरं आठवतं का? तुमची ती लांबची मावशी आली होती, कडक सोवळ्याची. तिला कुणाच्या हातचं चालत नसे. तर तुम्ही, पंगतीचे कर्दनकाळ, स्वतः धावाधाव केलीत. मागच्या पडवीत तिला वेगळी चूल मांडून दिली, नवी भांडी आणली, ओल्या धोतरानं विहिरीचं पाणी काढलं, तिच्या पळीला आमची पळी लागू नये म्हणून मधे पाट उभा केला. कुणी हसलं नाही, कुणी म्हणालं नाही की एक घास खाल्ल्यानं काय होतंय. कुठलं भांडं कशाला शिवलं, कुठला हात ओला, कुठला कोरडा, खरकटं कुठून कुठं जातं, हे सगळं आपल्या माणसांना डोळे मिटून कळतं. हजार वर्षं त्यांनी दुसरं केलंय काय? चेन्नईच्या डॉक्टरीणबाईंनी मला तासभर जे शिकवलं, वेगळी कढई, वेगळा डाव, हात धुऊन मग शिवायचं, ते आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला झोपेत येतं. फक्त ते म्हातारीच्या पुण्यासाठी करायचं, लेकरांच्या आतड्यासाठी नाही.

हे डोक्यात आलं आणि मी ठरवलं, ठीक आहे, तुम्हाला हेच कळतं ना, मग हेच घ्या. अण्णाच्या साठीला महिनाभर होता. वहिनींचा फोन आला, सगळ्यांनी यायचं, आणि यंदा ते डबे आणू नकोस बाई, यांच्या साठीला बरं दिसणार नाही. मी म्हटलं, वहिनी, डबे नाही आणत, पण एक अडचण आहे. मुलींनी देवीचा नवस धरलाय, एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस. गहू वर्ज्य, हिंग वर्ज्य, आणि पंगतीतल्या भांड्यातलं नाही, सोवळ्यात वेगळं केलेलंच चालतं. मग वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता, "बरं केलंस. डॉक्टरांस सोडून देवीस धरलंस ते बरं केलंस. तू काही काळजी करू नको, मी बघतें. कधीपासून धरलाय?" मी म्हटलं, विजयादशमीपासून. तोंडाला आलं ते बोलले. फोन ठेवून मी एकटीच हसले, अप्पा. पाच वर्षं कागद नाचवून जे झालं नाही, ते एका थापेनं झालं होतं. आमचे हे कामासाठी कोइमतूरला होते, नाहीतर त्यांनी हे चालू दिलं नसतं.

आणि खरंच, कार्याच्या दिवशी वहिनी पहाटे न्हाऊन ओल्या लुगड्यानं मंडपामागच्या खोलीत वेगळ्या स्टोव्हपाशी बसलेल्या. साठ वर्षांच्या माणसाची बायको, जिला त्या दिवशी नटून पाटावर बसायचंय, ती माझ्या मुलींसाठी नव्या पातेल्यात वरण शिजवतेय. मुख्य आचारी दारात आला तर त्याला म्हणाल्या, आत पाऊल टाकू नका. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. भात, बिनहिंगाचं वरण, तूप, केळ्याची भाजी, गुळाचं पायसम तांदळाचं. मुलींना पंगतीत सगळ्यांबरोबर बसवलं, फक्त त्यांच्या पानात त्या स्वतः वाढत होत्या. धाकटी मला विचारते, हे सगळं माझं? पंगतीत बसून भीती न वाटता जेवायची तिची ती पहिलीच वेळ. दोघी मन लावून खात होत्या आणि मी खांबाला टेकून मनातल्या मनात सगळ्यांना हिणवत होते. मूर्खांनो, तुम्हाला हे येत होतं. एवढं सोपं होतं तुम्हाला.

मग आपले भटजी उठले. होमाचं आटोपून ते पंगतीत येऊन बसले होते, आणि वहिनींनी त्यांना मोठ्या कौतुकानं नवसाचं सांगितलं असणार. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, विजयादशमीपासून आज अठ्ठेचाळिसावा दिवस, मंडल पुरं झालं, मुलींचा नवस आज यजमानांच्या हातून सोडवू या, याहून चांगला दिवस कुठला. मी मुलांना द्रावणांची गणितं शिकवते अप्पा, आणि मला अठ्ठेचाळीस दिवस मोजायचं सुचलं नव्हतं. आजूबाजूच्या बायका हरखल्या. कुणी म्हणालं, देवीनं बऱ्या केल्या लेकी. कुणी म्हणालं, बघा, पोरीचा चेहरा किती भरलाय. अण्णा उठला. अण्णाला तुम्ही ओळखता, त्याच्या मनात कधी वाईट आलं नाही आणि डोक्यात कधी शंका आली नाही. तो होमाच्या प्रसादाचा तूप सुटलेला रव्याचा केसरी एका वाटीत घेऊन आला, मामाच्या हातानं भाच्यांना भरवायला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

एक वाक्य पुरलं असतं. अण्णा, थांब, नवस खोटा आहे, त्यांना बरं वाटलेलं नाही, वाटणारही नाही. एवढंच. मी अण्णापासून दोन हातांवर उभी. पण वहिनींचं लुगडं अजून ओलं होतं. दोनशे माणसं बघत होती, साठी अण्णाची होती, आणि देवीच्या नावानं खोटं बोललेली बाई म्हणून माझं नाव पुढची वीस वर्षं या चार घरांत घोळलं असतं. थोरलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नवसाचं खोटं तिला ठाऊक होतं, मीच तिला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर हो म्हण. ती माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ वाटला मला तो. मग तिनं मामापुढे हात केला आणि केसरी खाल्ला. अण्णा धाकटीकडे वळला. धाकटी माझ्याकडे बघायलाही विसरली, ती वाटीकडेच बघत होती, केसरी तिनं पाच वर्षांत चाखलेला नव्हता. तेवढ्यात थोरली म्हणाली, मामा, तिचाही मलाच द्या, तिला गोड आवडत नाही. लोक हसले, खादाड म्हणाले तिला. तिनं तोही खाल्ला, बोटं चाटून. भटजींनी अक्षता टाकल्या. पान स्वच्छ होतं तिचं, अप्पा. तुम्ही असतात तर तिच्या डोक्यावर हात ठेवला असतात.

दोन तासांत सुरू झालं. ऑटोत घातली, घरी येईपर्यंत तिनं ओकून माझा पदर भरवला. पुढचे तीन दिवस काय होते ते लिहीत नाही, तुमच्यासारख्या माणसाला ते ऐकवून उपयोग नाही. वहिनींचा फोन आला, मुली बऱ्या ना, आता घरी पोळी सुरू कर हो. मी हो म्हटलं. मग त्या बाईचा इतका तिरस्कार आला मला, अण्णाचा आला, बोटं मोजणाऱ्या भटजींचा आला, पोळी भरवणाऱ्या काकूंचा आला, तुमचा तर आलाच. सगळ्यांना एका ओळीत उभं करून मनातल्या मनात सोलत बसले होते थोरलीच्या उशाशी.

चौथ्या दिवशी ती उठून बसली, पेज प्यायली. मी विचारलं, कां खाल्लंस गं? नको म्हणायचं होतंस ना सरळ. ती तमिळमध्ये म्हणाली, तू खा म्हणालीस म्हणून. मी म्हटलं, मी कधी म्हणाले? मी तोंड तरी उघडलं का? ती म्हणाली, तोंड नाही उघडलंस अम्मा, पण मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तू म्हणालीस. तिच्या आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगत होती, गणितातली पायरी सांगावी तसं.

ती बरोबर आहे. मी म्हणाले होते. पापनाशमच्या लग्नात तुम्ही निदान तोंडानं म्हणाला होतात, आणि मी तरी फक्त मळमळणारी मुलगी होते. मला ठाऊक होतं त्या वाटीत काय आहे आणि ते कुठं जाऊन काय करणार. सगळ्या मंडपात ते ठाऊक असलेली मोठी माणूस मी एकटी होते. वहिनी अडाणी, अण्णा भोळा, काकू निर्लज्ज, आणि मी शिकलेली.

हे पत्र पाठवायचं झालं तर पत्ता कुठला घालू, आणि तुम्हाला मिळालं असतंच तरी तुम्ही त्यातलं व्याकरण तेवढं सुधारलं असतंत. तेव्हा ते इथंच राहणार. आणखी एकच आहे, तेही सांगून टाकते. काल चेन्नईला दाखवायला नेली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून विचारलं, एवढं कुठून गेलं पोटात? मी म्हटलं, कार्य होतं घरचं, आचाऱ्याची चूक झाली. त्यांनी थोरलीकडे बघून विचारलं, असंच झालं का? ती माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच मान डोलावली आणि म्हणाली, हो, आचाऱ्याचीच चूक.